वाकोल्यात शोधला काळजीवरचा उतारा

पश्चिम रेल्वेच्या गाडीने चर्चगेटहून बोरिवलीकडे निघाले की वांद्रे, खार आणि मग सांताक्रुझ. स्टेशनच्या पूर्वेला उतरून हायवेच्या दिशेने चालू लागले की वाकोल्याचा पूल दिसतो. पुलाच्या पलीकडे वाकोला. इकडे मशीद, तिकडे दत्तमंदिराचा रस्ता, मध्ये भाजीबाजार, चाळी, झोपड्या आणि त्यांच्या डोक्यावरून काढलेल्या उंच इमारती. दर थोड्या वेळाने विमान इतक्या खालून जाते की नवखा माणूस मान वर करतोच. वाकोलेकर मात्र भावाची घासाघीस क्षणभर थांबवतात, आवाज गेला की पुढे चालू ठेवतात.

आपल्याकडील कितीतरी घरांतील कोणी ना कोणी या भागात पोटासाठी राहते. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना दादर, राणीची बाग, महालक्ष्मी एवढीच मुंबई माहीत असते. वाकोल्याच्या परिसरातही शेतकऱ्याने पाहावे असे काही आहे, म्हणून हा लेख.

भातखाचरांचे गाव

वाकोला व शेजारचे कलिना यांचे महसुली नाव कोळेकल्याण. साष्टी बेटावरचे हे जुने गाव. येथील मूळचे रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. धर्माने ख्रिस्ती, पण बोली मराठी आणि धंदा भातशेतीचा. आज जेथे मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर आणि वसाहती आहेत, त्या भागात एकेकाळी पावसाळ्यात लावणी होत असे. गावठाणातील अरुंद गल्ल्या, लाकडी जिने असलेली जुनी घरे आणि रस्त्याकडेचे क्रूस अजून शिल्लक आहेत. शेत गेले, गावपण थोडे मागे राहिले.

जमिनीचा उतार मात्र जाता जात नाही. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. माण-आटपाडीकडे साधारण दोन वर्षांत पडतो तेवढा पाऊस एका दिवसात! कलिना, वाकोला, कुर्ला हा सारा सखल भाग पाण्याखाली गेला.

त्यानंतर या भागात पावसाचा जोर वाढला की लोकांची झोप उडते. तळमजल्यावरचे लोक कागदपत्रे माळ्यावर टाकतात आणि रात्रभर नाल्याकडे कान लावून बसतात. आपण ढग आले नाहीत म्हणून रात्रभर जागतो, हे ढग आले म्हणून जागतात. आभाळ एकच, काळजीच्या तऱ्हा दोन. छातीत होणारी धडधड मात्र अगदी सारखी.

धडधड का होते?

बैल बुजला तर काय होते ते पाहा. कान टवकारतात, श्वास जोरात चालतो, अंग ताठ होते. तो पळायला किंवा शिंग मारायला तयार झालेला असतो. माणसाचेही तसेच आहे. संकट दिसले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. वाघ समोर असेल तर ही तयारी उपयोगाची. पण बँकेच्या नोटिशीपुढे पळता येत नाही आणि लांबलेल्या पावसाला शिंगही मारता येत नाही. शरीर तयार होऊन बसते आणि उतरतच नाही.

थोडी काळजी वाईट नव्हे. तिच्यामुळेच आपण बियाणे वेळेवर आणतो, गोठ्याचे छप्पर शाकारतो. पण काळजी जवळजवळ रोज, सहा महिने किंवा अधिक चालली, झोप गेली, अन्नावरची वासना उडाली, कामात लक्ष लागेना, तर तो स्वभाव नसून आजार समजावा. काहींना एकाएकी जीव घाबरा होतो, आता मरतो की काय असे वाटते. दहा-वीस मिनिटांत तो झटका ओसरू लागतो. आपल्याकडे अशा बाईला ‘बाहेरची बाधा’ ठरवून अंगारा लावतात. गड्याला ‘भित्रा’ म्हणून गप्प बसवतात. दोन्हींनी दुखणे वाढते.

प्रभात कॉलनीतील संस्था

वाकोल्याच्या पुलाअलीकडे, स्टेशनच्या बाजूला प्रभात कॉलनीत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ ही संस्था आहे. रस्त्याला श्री योगेंद्र मार्ग असे नाव आहे. फाटकातून आत गेले की बाहेरचा गोंगाट कमी होतो. झाडे, बैठ्या इमारती, सावलीत बसलेली माणसे. दिखाऊपणा नाही.

संस्थेचे संस्थापक श्री योगेंद्र यांचे मूळ नाव मणिभाई हरिभाई देसाई. जन्म १८९७, सुरतेच्या बाजूच्या देगाम गावी. मुंबईत सेंट झेवियर कॉलेजात शिकत असताना त्यांना परमहंस माधवदासजी हे गुरू भेटले. शिष्य त्यांच्यामागे नर्मदाकाठी मालसरला गेला. पण संन्यास न घेता, योग संसारी माणसाच्या दारी न्यायचा, असे त्याने ठरवले. २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या निवासस्थानी संस्था सुरू झाली. इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई हादरली होती ते हेच वर्ष. पुढे योगेंद्रजी अमेरिकेला जाऊन आले, लग्न केले, आणि सांताक्रुझ हे संस्थेचे कायमचे घर झाले. पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. १९८९ मध्ये योगेंद्रजी वारले. पुत्र डॉ. जयदेव यांनी काम पुढे नेले. ते २०१८ मध्ये, संस्थेच्या शताब्दीच्याच वर्षी गेले. स्नुषा हंसाजींनी ही धुरा पुढे वाहिली.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. दक्षिण गुजरातेतूनच दुसरे एक मणिभाई देसाई महाराष्ट्रात आले. १९४६ साली महात्मा गांधींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र काढले आणि ते या मणिभाईंवर सोपवले. माती, पाणी, ऊन, साधा आहार आणि विश्रांती हीच तेथील औषधे. याच मणिभाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ स्थापन केली. आपल्या गोठ्यातील संकरित गाय ज्यांच्यामुळे आली, त्यांनीच माणसाच्या निसर्गोपचाराचेही केंद्र चालवले. एकाने योग घराघरांत नेला, दुसऱ्याने निसर्गोपचार खेड्यात रुजवला.

घरी करता येईल असे

या संस्थेच्या शिकवणीतील दोन गोष्टी शेतकऱ्याच्या घरात सहज करता येण्यासारख्या आहेत.

पहिली ‘निस्पंद भाव’. भिंतीला पाठ टेकून बसावे. पाय लांब करून थोडे अलग ठेवावेत, हात मांडीवर उताणे सोडावेत. डोळे मिटावेत. अंग सैल सोडावे आणि दूरवरचा एखादा मंद आवाज नुसता ऐकत राहावे. पंखा असो, ओढा असो, रातकिडे असोत. आवाज कशाचा, याचा विचार करायचा नाही. दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

दुसरी पोटाच्या श्वासाची. उताणे निजून गुडघे उभे करावेत, एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट वर यावे, सोडताना खाली जावे. छाती शक्यतो हलू देऊ नये. श्वास सोडणे सावकाश असावे. दहा-बारा वेळा केले की धडधड उतरू लागते. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागाने भरभर श्वास घेतो. हा श्वास त्याच्या उलट वाटेने जातो.

हे नुसते श्रद्धेचे बोलणे नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० ते १९७० च्या दशकांत पतंजलींच्या विचारांवर आधारलेली पद्धत रुग्णांवर तपासली. रुग्णांच्या एका गटाला पूर्ण पद्धत दिली आणि दुसऱ्या गटाकडून वरवरची आसने व श्वसन करून घेतले. पहिल्या गटाला अधिक फायदा दिसला. शेतीत आपण पट्टे पाडून प्रयोग करतो, तसाच हा प्रकार. अर्थ एवढाच, की हातपाय वळवण्यापेक्षा मन एका जागी आणण्याला महत्त्व आहे.

संमोहनाच्या पाट्या

उपनगरांत फिरताना ‘संमोहन उपचार’ अशा पाट्या नजरेला पडतात. संमोहन म्हटले की आपल्याला जत्रेतला जादूगार किंवा भानामती आठवते. खरा प्रकार वेगळा आहे. इंग्लंडमधील डॉ. जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत ‘हिप्नॉस’ म्हणजे झोप. पण ही झोप नव्हे. आपल्या देशातही याचा इतिहास आहे. १८४५ च्या सुमारास बंगालमध्ये हुगळीला डॉ. जेम्स एस्डेल यांनी अशाच तऱ्हेने रुग्णाला तंद्रीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. त्या वेळी भूल देण्याचे औषध तेथे पोचले नव्हते.

उपचार करणारा शांत आवाजात बोलतो, रुग्ण अंग सैल सोडून एकाच गोष्टीकडे लक्ष देतो. अशा अवस्थेत सूचना मनात अधिक खोल जातात. ‘श्वास सावकाश चालला आहे, गर्दीतही पाय स्थिर आहेत’ अशा त्या सूचना. रुग्ण शुद्धीवर असतो, नको ते त्याच्याकडून करून घेता येत नाही, पाहिजे तेव्हा तो डोळे उघडू शकतो. काळजी, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, काही वेदना यांत मदत म्हणून याचा उपयोग होतो. मदत म्हणूनच. मुख्य उपचार सोडून केवळ यावर विसंबणे धोक्याचे. ज्याला भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, पावती घेतो. येथेही तसेच करावे. समोरचा माणूस मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर किंवा रीतसर शिकलेला मानसशास्त्रज्ञ आहे का, हे विचारावे. ‘तीन बैठकांत कायमचा बरा’ अशी हमी देणाऱ्याकडे पाठ फिरवावी. खात्रीने शंभर टक्के उगवणारे बी नसते, तशी मनाचीही हमी नसते.

‘नैसर्गिक’ या शब्दानेही भुलू नये. अश्वगंधा हे नीमच-मंदसौर भागातील शेतकऱ्यांचे पीक. तिच्या मुळ्यांनी ताण कमी होतो असे काही प्रयोगांत आढळले आहे. पण गरोदर स्त्रीने ती घेऊ नये, आणि थायरॉइड किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी वैद्याला वा डॉक्टरला विचारल्यावाचून घेऊ नये. उलट दिवसाकाठी आठ-दहा कप चहा, तंबाखू, मिश्री हे धडधड वाढवतात. दारूने रात्रीपुरती गुंगी येते, पहाटे काळजी दुप्पट होऊन उठवते. ही यादी कमी करायला पैसा लागत नाही.

कोणाकडे जावे?

छातीत दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग बाकीचे. झोप आठवडेच्या आठवडे गेली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावे. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो. औषधे सुरू असतील तर योग लागला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. फोनवरही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात.

घरातले माणूस ‘आता काही अर्थ नाही’ असे बोलू लागले, हिशेब-कागद दुसऱ्याच्या हवाली करू लागले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. सरळ विचारावे, जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का? विचारल्याने विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. आणि एक गोष्ट प्रत्येक घराने आजच करावी. कीटकनाशकाचे डबे माळ्यावर किंवा खाटेखाली न ठेवता कुलपात ठेवावेत, किल्ली शहाण्या माणसाकडे असावी. लागेल तेवढेच आणावे. संकटाची ती एक घटका हाताशी विष नसल्यामुळे टळते आणि माणूस वाचतो.

मुंबईला जाण्याचा योग आला तर सांताक्रुझला उतरून या संस्थेत अवश्य डोकवावे. तेथे एक दिवसाची व अधिक दिवसांची शिबिरे होतात. जाण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. परतताना पूल ओलांडून वाकोल्याच्या बाजारातही एक फेरी मारावी. जाणे नाही जमले तरी अडत नाही. पाठ टेकायला भिंत आणि ऐकायला रातकिडे आपल्या प्रत्येक वस्तीवर आहेत. आज रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांनी मिळून दहा मिनिटे बसून पाहावे.