तासांनी मोजायची गाडी

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचा डोंगर आहे आणि दुसऱ्या अंगाला खाडी. कापूरबावडी सोडली की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी गावं एकामागून एक येतात, आणि प्रत्येक गावाच्या डोक्यावर आता चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. श्रावणात डोंगर असा हिरवा होतो की नजर हटत नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सकाळी साडेआठला हजारो इंजिनं जागच्या जागी घुरघुरत उभी असतात. न्हावाशेवाहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, शाळेच्या बस, टीएमटी, रिक्षा, खडी वाहणारे डंपर, आणि मधे मेट्रोचे खांब. गायमुख ते माजिवडा हे अंतर दहा-अकरा किलोमीटरचं. गर्दीच्या वेळी त्याला तास लागला तर कोणाला नवल वाटत नाही. या रस्त्यावर राहणाऱ्या आणि गाडीवाचून ज्याचं अडतं अशा मध्यमवर्गीय घराने नवी गाडी न घेता चांगली जपलेली जुनी हायब्रिड घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोल वाचतं हे त्याचं एक कारण झालं. त्याहून मोठं कारण जुन्या गाडीचं वय मोजण्याच्या आपल्या सवयीत आहे.

जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पळालीय? चाळीस हजार म्हटलं की चेहरा खुलतो, ऐंशी म्हटलं की पडतो. हा हिशेब मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीला लागू पडतो. पुणे-सातारा करणारी गाडी ताशी साठच्या सरासरीने चाळीस हजार किलोमीटर गेली, तर तिचं इंजिन सातशे तासांहून कमी चाललेलं असतं. घोडबंदर रोडवर ताशी दहाच्या गतीने तेवढंच अंतर कापायला चार हजार तास लागतात. दोन्ही गाड्यांच्या काट्यावर आकडा एकच. इंजिनाने सोसलेलं आयुष्य मात्र सहापट वेगळं. उभ्या गाडीत इंजिन चालू राहतं, ऑइल तापत राहतं, एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर फिरतो, क्लच दर दहा फुटांवर दबतो. यातलं काहीही किलोमीटरच्या काट्यावर उमटत नाही. म्हणून ठाण्याच्या एमएच 04 किंवा कल्याणच्या एमएच 05 पासिंगची, ‘कमी चाललेली, फक्त ऑफिसला जायची’ अशी जाहिरात केलेली साधी पेट्रोल गाडी स्वस्तात मिळाली तरी तिच्याकडे जरा सावधपणेच बघावं. ऑफिसचा रस्ता जर घोडबंदरचा किंवा कल्याण-शीळचा असेल, तर ती कमी चाललेली नाही. ती खूप थांबलेली आहे.

हायब्रिडचं बळ नेमकं या थांबण्यात आहे. स्ट्राँग हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते आणि ती एकटीसुद्धा गाडी हलवू शकते. सिग्नलला इंजिन बंद होतं, एसी चालू राहतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर असतो. पुढची गाडी दोन हात सरकली की ही आवाज न करता सरकते. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन हवेत जाणारी शक्ती मोटर उलट फिरून विजेत बदलते आणि बॅटरीत भरते. शहरी वापरात प्रवासाच्या वेळेपैकी सुमारे 60 टक्के वेळ इंजिन बंद असतं, असा टोयोटाचा दावा आहे. कंपनीचा दावा म्हणून त्यातून काही वजा करावं. रांग फार लांबली, ऊन कडक असलं, तर एसी बॅटरी रिकामी करतो आणि इंजिनाला मधूनच उठून ती भरावी लागते. तरीही चार हजार तासांतले निम्मे जरी वाचले, तरी या गाडीचं इंजिन त्याच रस्त्यावरच्या साध्या गाडीपेक्षा तरुण राहतं. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण वेग उतरवण्याचं बरंचसं काम मोटरच करते. म्हणजे ज्या रस्त्याने साध्या गाडीचं आयुष्य काट्यावर न दिसता खर्च होतं, त्याच रस्त्यावरून आलेल्या हायब्रिडचा काटा खरेपणाच्या जास्त जवळ असतो. जुनी वस्तू घेणाऱ्याला याहून मोठा दिलासा कोणता?

अर्थात हायब्रिड या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात, आणि जुन्या बाजारात फसगत होते ती इथेच. मारुतीने 2015 पासून सियाझ आणि अर्टिगावर जी एसएचव्हीएस पद्धत आणली, ती माइल्ड हायब्रिड. तिची छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण गाडी एकटी ओढू शकत नाही. त्या गाड्या वाईट नाहीत. फक्त वर सांगितलेलं काहीही त्यांना लागू होत नाही. 2022 मध्ये आलेल्या मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या तर दोन्ही प्रकारांत मिळतात, बाहेरून जवळपास सारख्याच. गिअरचा दांडा मॅन्युअल असेल, ईव्ही मोडचं बटण नसेल, तर ती स्ट्राँग नव्हे. त्याच वर्षी होंडा सिटीची हायब्रिड आली आणि 25 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईत टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचं अनावरण झालं. त्या समारंभाला टोयोटा किर्लोस्कर मोटरचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर उपस्थित होते. चारच दिवसांनी, 29 नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. नांगरापासून सुरू झालेल्या घराण्याच्या चौथ्या पिढीतल्या माणसाचं ते अखेरचं मोठं काम या रस्त्यावर रोज दिसतं, याची नोंद मराठी माणसाने ठेवावी असं वाटतं. तशी टोयोटाची प्रियस ही हायब्रिड जपानात 1997 च्या अखेरीस विक्रीला आली, भारतात 2010 मध्ये. पण परदेशातून आयात होऊन येणारी ती गाडी सामान्य घराच्या आवाक्यापलीकडची होती. सामान्य घराने विचार करावा अशी हायब्रिड 2022 मध्ये आली, आणि त्या पहिल्या गाड्या आता दुसऱ्या मालकाच्या शोधात आहेत.

यावर पहिला आक्षेप बॅटरीचा. मोबाइलची बॅटरी तीन वर्षांत मान टाकते, मग गाडीची का टिकावी, असं लोक विचारतात, आणि भीती रास्त आहे. पण मोबाइल आपण शंभर टक्के भरतो आणि पार रिकामा करतो. हायब्रिडची यंत्रणा बॅटरीला ती मुभाच देत नाही. ती तिला मधल्याच पट्ट्यात खेळवते, पूर्ण भरू देत नाही आणि तळ गाठू देत नाही. शिवाय बॅटरी लहान असते. ग्रँड विटारा-हायरायडरची बॅटरी 0.76 किलोवॅट-तासांची आहे; 2020 च्या नेक्सॉन ईव्हीची 30.2 होती, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. बदलायची वेळ आलीच तर खर्च होतोच आणि तो खिशाला जाणवतोच, पण जुन्या विजेच्या गाडीत असतो तसा सारा जीव एका वस्तूत अडकलेला नसतो. आणि मारुती, टोयोटा, होंडा या कंपन्यांनी हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर यांपैकी आधी येईल तोवर वॉरंटी दिलेली आहे. 2022 च्या गाडीला ती 2030 पर्यंत पुरते. अट एवढीच की सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली असावी. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सगळा इतिहास काढून घ्यावा, बॅटरीची तपासणी करून घ्यावी आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावे चालू राहील हे लेखी घ्यावं. विकणारा याला का-कू करत असेल तर चहा पिऊन उठावं.

कागदांइतकीच एक लहानशी जाळी महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या बाजूला असते आणि तिला थंड ठेवणारा पंखा आतलीच हवा ओढतो. त्या हवेचं तोंड मागच्या सीटच्या कडेला असतं, तळहाताएवढ्या पट्ट्यापट्ट्यांच्या जाळीमागे. मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडवर जी धूळ वर्षानुवर्षं उडते आहे, ती मुलांच्या बुटांवरून, दारातून, काचेतून आत येते आणि तिथे जाऊन बसते. सीटकव्हरचे धागे, बिस्किटांचा चुरा, कुत्र्याचे केस यांचा करड्या नमद्यासारखा थर तयार होतो, पंखा दमतो आणि बॅटरी तापत राहते. गाडी बघायला गेल्यावर बॉनेटआधी ही जाळी बघावी. ती स्वच्छ असेल तर त्या घराने गाडी समजून वापरली आहे. घोडबंदरच्या बंदरात कधीकाळी अरबी घोड्यांचा व्यापार चाले असं सांगतात. घोडा घेणारा तुकतुकीत अंगावर न भुलता दात बघायचा, तशी ही जाळी. मग सीटबेल्ट पूर्ण ओढून बघावा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती असं समजावं आणि हायब्रिडच्या बाबतीत तिथेच नमस्कार करावा. चालवून बघायची ती गर्दीत आणि गायमुखच्या घाटात. चढावर इंजिनाचा आवाज वेगापेक्षा पुढे पळतो, तो बिघाड नव्हे. उतारावर ब्रेक हलका दाबला की पडद्यावर बॅटरीच्या रेघा एकेक करून भरताना दिसल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. जुनी हायब्रिड स्वस्त मिळत नाही. हायक्रॉस तर जवळपास नव्या भावाला हात लावते. तिच्या मागे धावू नये. हिशेब असा मांडावा: वर्षाला बारा हजार किलोमीटर, साधी ऑटोमॅटिक या गर्दीत लिटरला दहा देते आणि हायब्रिड अठरा, असं धरलं तर वर्षाला सुमारे 530 लिटर पेट्रोल वाचतं. पेट्रोल शंभरावर आहे, म्हणजे पन्नास हजारांच्या वर. साध्या जुन्या गाडीपेक्षा हायब्रिडला दीड-दोन लाख जास्त पडले तर ते तीन-चार वर्षांत फिटतात. वापर याच्या निम्मा असेल तर हा मुद्दा सोडून द्यावा, हे मीही मान्य करतो. सीएनजी किलोमीटरमागे स्वस्त पडते हेही खरं. पण डिकी सिलिंडरने भरते आणि पंपावरची रांग हा रोजचा दुसरा ट्रॅफिक जाम होतो. विजेची गाडी या धुरात सर्वांत चांगली, यात मला शंका नाही. ज्यांच्या सोसायटीत पार्किंगला चार्जर बसतो आणि गाडी शहराबाहेर फारशी जात नाही, त्यांनी तीच घ्यावी. पण स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या पाळण्यात गाडी लावणाऱ्याने, किंवा गणपतीला कोकणात जाणाऱ्याने काय करावं, याचं आजचं उत्तर हायब्रिड हेच आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप तिसरा. कोंडलेल्या रस्त्यावर आणखी एक गाडी आणायची आणि तिच्या शांतपणाचं कौतुक करायचं, यात काय शहाणपण? हायब्रिड कोंडी सोडवत नाही. ती तेवढीच जागा अडवते. या रस्त्याचं उत्तर मेट्रोच आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये गायमुखच्या बाजूला तिची चाचणी गाडी धावली. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं कामही हाती घेतलेलं आहे. पण हाच आक्षेप मला जुन्या गाडीच्या बाजूचा वाटतो. काही वर्षांत या रस्त्याची सवय बदलणार असेल, तर आज सात वर्षांच्या हप्त्यावर नवी गाडी का बांधून घ्यायची? पहिल्या मालकाने नवेपणाची किंमत मोजून झालेली आहे. गाडी घ्यावी, कोंडीची वर्षं तिच्यावर काढावीत, आणि मेट्रो नीट धावू लागली की ती रविवारपुरती ठेवावी. त्या दिवसांत एक पथ्य पाळायला लागेल: हायब्रिडमध्ये साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ती उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून ‘रेडी’चा दिवा लागलेल्या स्थितीत अर्धा तास ठेवावी, किंवा त्याहून बरं म्हणजे पहाटे रस्ता मोकळा असताना गायमुखपर्यंत जाऊन यावं.