पिळा

आमच्या घरात दुखणी दोन जातींची होती. आजोबांच्या दम्याला आणि आम्हा पोरांच्या तापाला डॉक्टर लागायचा. आईच्या हाताला कधी लागला नाही. ‘शीर धरलीय’ एवढंच म्हणून ती रात्री कोपराला आंबेहळदीचा लेप लावायची, वर चिंधी बांधायची आणि सकाळी पुन्हा धुण्याची बादली उचलायची. चादरी पिळायला तिला जोडीदार लागे, ते काम माझ्याकडे. पिळा घट्ट बसत गेला की तिच्या कोपराखालचा स्नायू टरारून वर यायचा आणि माझ्या हातातलं टोक निसटायचं. त्या हाताला काही होत असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे. तिच्याही.

चाळिशीत तेच दुखणं माझ्याकडे आलं. मी हायस्कुलात गणित शिकवायचे. दिवसभर फळा भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. घरी आल्यावर पोळ्या आणि धुणं होतंच. आधी दाराची कडी काढताना चमक आली, मग सांडशीने चहाचं पातेलं उतरवताना. भरलेला तांब्या काठाला धरून उचलणं तर बंदच झालं. साल होतं २००४. त्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या दौऱ्यात सचिन तेंडुलकरचं कोपर दुखावलं आणि घरोघरी ‘टेनिस एल्बो’ची चर्चा सुरू झाली. स्टाफरूममध्ये माझ्या दुखण्याला त्यानंतर एकदम मान मिळाला! रॅकेट मी जन्मात धरली नव्हती, पण टेनिस एल्बो होणाऱ्या बहुतेकांनी ती धरलेली नसतेच. रंगारी, सुतार, खाटीक, पोळ्या लाटणाऱ्या बायका, दिवसभर माऊस हलवणारे कारकून, आणि वय साधारण पस्तीस ते पंचावन्न.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. तेव्हा सर्रास देत. जादूच झाली, आठवड्याभरात मी कणीक तिंबायला लागले. पावसाळा संपेपर्यंत दुखणं दुपटीने परत आलं. हे माझंच नशीब नव्हतं. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेदरलँड्समधली एक चाचणी छापून आली होती. १८५ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्षाअखेर मात्र त्यांच्यातले ६९ टक्के बरे होते, फिजिओथेरपीवाले ९१ टक्के आणि नुसतीच वाट पाहिलेले ८३ टक्के. म्हणजे सुई टोचून घेण्यापेक्षा काही न करणं बरं, असा त्याचा सरळ अर्थ. एवढी मोठी गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला पुढची कितीतरी वर्षं लागली, याचा राग मला अजून येतो.

ती पोचवली एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या टेंगळाला ज्या पांढऱ्या, चिवट भागाने जोडलेले असतात, ती कंडरा. तिला रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून ती सावकाश दुरुस्त होते. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की तिथे दाह होतो, सूज येते. १९७९ मध्ये रॉबर्ट नर्शल आणि त्यांच्या सहकाऱ्याने शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासला, तेव्हा तिथे दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. होते ते विस्कटलेले तंतू, जुन्या कासऱ्याचे पीळ उसवावेत तसे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या ठणका कमी करतात, उसवलेलं विणत नाहीत. विणायला त्या तंतूंना ओझं लागतं. थोडं, हळूहळू वाढणारं, पण ओझंच.

मला हे पटायला वेळ लागला. दुखतंय तिथे वजन द्यायचं? मग तिने स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांची गोष्ट सांगितली. या अस्थितज्ज्ञाची स्वतःची टाचेची कंडरा दुखायची. ती तुटली तर शस्त्रक्रिया तरी होईल, म्हणून म्हणे त्यांनी टाच मुद्दाम ताणायला सुरुवात केली, आणि ती बरी झाली! १९९८ मध्ये त्यांनी ती बारा आठवड्यांची कसरत प्रसिद्ध केली. माझी कसरत त्याहून साधी. हात टेबलावर, पंजा काठाबाहेर, तळवा खाली, मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. डाव्या हाताने उजवा पंजा वर उचलायचा आणि उजव्याने एकट्याने, सावकाश, खाली सोडायचा. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असलं तर बाटलीतलं पाणी कमी करायचं. कंटाळवाणं काम. पण हात सुटला.

आता लेकीची पाळी आली. बाळंतपणानंतर तिचा अंगठा धरला. बाळाला काखेत धरून उचललं की मनगटाच्या कडेला कळ. अंगठा मुठीत दाबून मूठ करंगळीकडे वाकवायला सांगितली तर ती ओरडलीच. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हान यांनी १८९५ मध्ये नोंदवलेलं दुखणं ते. अंगठ्याला आधारपट्टी लावली, बाळाला काखेत न धरता खालून ओंजळीने उचलायला शिकवलं. तिथे मात्र स्टेरॉइडचं इंजेक्शन खरंच उपयोगी पडतं, आणि तिला ते पडलं. तेव्हा ‘सुई वाईट’ असंही घोकू नये; कुठली कंडरा, ते विचारावं. आईच्या आणि माझ्या वेळेपेक्षा फरक एवढाच की लेक पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात गेली आणि जावयाने बाळाची आंघोळ आपल्याकडे घेतली.

तुमच्या घरात कुणाचं कोपर, मनगट, खांदा किंवा टाच दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला गाठा आणि त्याला निदान तीन महिने द्या. रक्तातली साखर तपासून घ्या, मधुमेहात ही दुखणी जास्त होतात. आणि टाचेत काहीतरी तुटल्यासारखं होऊन पाऊल उचलता येईना, सांधा लाल होऊन ताप आला किंवा बोटं बधिर पडू लागली, तर लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.