घराची मशागत

आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात घर विकण्याची गोष्ट अजूनही हलक्या आवाजात बोलली जाते. मुलीचे लग्न ठरले की चार घरी सांगणे जाते; घर विकायचे ठरले की शेजाऱ्याला ते दलालाकडून कळते. या लपवाछपवीची सोबतीण म्हणजे घाई. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आमच्याकडच्या कितीतरी वाड्या अशाच घाईत गेल्या. कुणाला आखातातल्या नोकरीसाठी एजंटाला पैसे द्यायचे होते, कुणाच्या आईचे ऑपरेशन अडले होते. पैसा महिन्याभरात हवा असे, मग भावही घेणाराच ठरवी आणि कागदही तोच लिही. हरित वसईच्या चळवळीने त्या काळी आमच्या विहिरींसाठी आणि झाडांसाठी आवाज उठवला, तो उठवायलाच हवा होता. परंतु घाईने विकणाऱ्याच्या ओसरीत त्या रात्री काय बोलणे चालले असेल, हे मात्र आपल्यात फारसे कुणी लिहिले नाही.

आम्ही भावंडांनी आईवडिलांचे घर विकायचे ठरवले ते २०२३ च्या नाताळात. घरात कुणी राहात नव्हते, आणि बंद घर माणसाहून लवकर म्हातारे होते. त्याच वेळी असेही ठरले की दोन पावसाळे जाईपर्यंत गिऱ्हाईक उंबऱ्यावर आणायचे नाही. पेरणीआधी जमिनीची मशागत करतात, तसा काही काळ घराला द्यायचा. मशागत म्हणजे कौले बदलणे आणि चुना लावणे एवढेच तेव्हा बहुतेकांच्या मनात होते.

दादाने घराची मिळकत पत्रिका आणि मागच्या वाडीचा सातबारा काढून आणला. बाबा १९८७ साली गेले, आई २०११ मध्ये. मिळकत पत्रिकेवर बाबा अजून जिवंत होते! सातबाऱ्यावर दादाचे एकट्याचे नाव होते आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही हिंदू एकत्र कुटुंबाची संज्ञा. ख्रिस्ती कुटुंबात असे एकत्र कुटुंब कायद्याने नसतेच, परंतु दप्तरात एकदा शिरलेली अक्षरे पस्तीस-छत्तीस वर्षे कुणी हलवली नव्हती. घरपट्टीची पावती दादाच्या नावे येई, म्हणून घरही त्याचेच, असे आळीत सारे धरून चालले होते. घरपट्टीची पावती ही मालकीचा पुरावा नव्हे, हे आम्हांला वकिलांनी सांगितले.

आपल्याला लागू आहे तो १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश मुलामुलींत सारखे, असे तो सांगतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. आम्ही पाच भावंडे. त्यांतला एक भाऊ २०१६ साली गेला, म्हणून त्याच्या पाचव्या हिश्श्यातला एकतृतीयांश वहिनीचा आणि बाकीचा तिच्या दोन मुलांचा. वकिलांनी घराचे पंधरा भाग केले: आम्हां चौघांचे तीन-तीन, वहिनीचा एक, मुलांचा एकेक. एका पाठकोऱ्या कागदावर मांडलेला तो हिशेब पाहून घरात बराच वेळ कुणी बोलले नाही.

कारण आमची रीत वेगळी होती. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने जन्मभर माहेर राखायचे. लग्नात दिले ते दिले. ही रीत अगदी वाईट होती असे मी म्हणणार नाही; तिने माझ्या आत्यांना मे महिन्यात हक्काने येऊन राहायला घर दिले. परंतु माहेरच विकले जात असेल तर राखायचे काय? माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी तेव्हा तिच्या यजमानांचे डायलिसिस चालू होते, आठवड्यातून दोनदा. घर घाईत विकले असते तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिने मुकाट्याने सही केली असती आणि परतीची बस धरली असती. तिच्या स्वभावाला तेच शोभणारे होते. हाताशी वेळ होता म्हणून ती एवढेच म्हणाली, “दादा, सही मी देईन. पण मी काय सोडते ते मला एकदा वाचून दाखव.”

दादाला ते लागले. तीन महिने तो आमच्याशी कामापुरतेच बोलला. त्याचीही बाजू होती. आईची शेवटची नऊ वर्षे त्याने आणि वहिनींनी काढली. छपराची डागडुजी, पाणीपट्टी, विहिरीचा पंप, सारे त्याच्या पगारातून गेले. कायद्याच्या पंधरा भागांत आईची रात्रीची औषधे कुठेच बसत नव्हती. अखेर त्यानेच पावत्यांची पत्र्याची पेटी आणून मध्ये ठेवली. त्याचा खर्च आधी वेगळा काढायचा आणि उरलेल्याचे पंधरा भाग करायचे, असे २०२५ च्या ईस्टरच्या सुमारास सर्वांनी मान्य केले. ज्याला आपला भाग सोडायचा असेल त्याने तो पैसे हाती आल्यावर सोडावा, आधी नव्हे. वारसनोंदीचे अर्ज त्यानंतर गेले. कॅनडातल्या भावाने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून धाडले. ते इकडे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हेही वेळ असल्यामुळेच निभले.

त्याच भावाच्या मुलाने एक सल्ला दिला. अमेरिकेत म्हणे घर लवकर विकले जावे म्हणून अंगणात संत योसेफाचा छोटा पुतळा डोके खाली करून पुरतात, त्याचे संच दुकानांत मिळतात. आम्ही खूप हसलो. नाझरेथच्या सुताराला उलटा पुरण्याऐवजी आमच्या वाशांकडे एकदा पाहायला बोलावले असते तर बरे झाले असते, कारण उत्तरेकडच्या वाशांना वाळवी लागली होती. ते वासे बदलले, मंगलोरी कौले शाकारली. स्वयंपाकघराच्या भिंतीत मात्र ओल आहे, ती विहिरीच्या बाजूने येते आणि पूर्णपणे जात नाही. रंगाऱ्याने सुचवले की, गिऱ्हाईक यायच्या आठवडाभर आधी रंगाचा हात मारतो, पावसाळ्यापर्यंत दिसणार नाही. घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने तो सांगितलाच पाहिजे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ म्हणते. आठवी आज्ञा तर त्याहून पुष्कळ जुनी आहे. आम्ही ती भिंत तशीच ठेवली आहे.

वाडीचा प्रश्न वेगळा होता. ती शेतजमीन, म्हणजे आपल्याकडे ती शेतकऱ्यालाच घेता येते; शिवाय इतर हक्कांच्या रकान्यात कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा. तिला आम्ही सध्या हात लावलेला नाही. केळी दादाचा मुलगा पाहतो.

घर रिकामे करणे हे काम मी आणि धाकटीने अंगावर घेतले. भांडी, पाटा-वरवंटा, माळ्यावरचे पाळण्याचे दांडे यांच्या वाटण्या एका दुपारी झाल्या. वेदीपाशी येऊन आम्ही थांबलो. फुटक्या काचेच्या तसबिरी, हात तुटलेली फातिमामाता, तीन पिढ्यांच्या जपमाळा. आशीर्वादित वस्तू खाजगी मालकीची असली तरी तिचा आदर राखावा, तिचा अयोग्य वापर करू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ११७१ सांगते. फादरांना विचारून जे जळण्यासारखे होते ते जाळले आणि राख विहिरीपासून दूर, फणसाच्या बुंध्याशी पुरली. मातीचे पुतळेही तिथेच पुरले. आईची जपमाळ वहिनींनी मागितली. गेलेल्या भावाच्या बायकोने आमच्याकडे मागितलेली ती एकच वस्तू.

राहिला अंगणाच्या कोपऱ्यातला क्रूस. तो आजोबांच्या आधीचा आहे आणि मे महिन्यात सारी आळी तिथे प्रार्थनेला जमते. घेणारा कोण असेल, कोणत्या धर्माचा असेल, ते आम्हांला ठाऊक नाही, आणि त्याला घराबरोबर आमचा क्रूस सांभाळायला सांगणेही न्यायाचे नाही. म्हणून क्रूसाखालची आणि रस्त्यापर्यंतची चिंचोळी पट्टी विक्रीतून वगळून बक्षीसपत्राने धर्मग्रामाकडे द्यावी, असे सात जणांनी लिहून दिले आहे. घराची किंमत त्याने थोडी उतरेल, असे दलालाचे मत पडले. भूमी अभिलेख कार्यालयाने मोजणीची तारीख पावसाळ्यानंतरची दिली आहे. हद्दीचा जुना दगड करवंदीच्या जाळीत सापडला. दादाने त्याला चुना लावून ठेवला आहे.