भुकेवरची गोळी

भूक लागत नाही म्हणून वैद्याकडे धावणारी माणसे आमच्या चिंचवडात पुष्कळ होऊन गेली. भूक लागते म्हणून पैसे खर्च करणारी मात्र हल्लीचीच!

चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या आमच्या पुतणीने परवा अशी एक बाटली आणली. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. जेवणाचा मेळ नाही, वजन वाढलेले, आणि त्यातच पाहुणे मुलगी पाहायला यायचे. "काका, हर्बल आहे, अपाय नाही," इति पुतणी. पुरावा काय, तर बाटलीवरचे हिरवे पान.

चष्मा लावून वाचले. आत निघाला आपल्या आमसुलाचा मलबारी भाऊबंद, गार्सिनिया. तिकडे तो माशांच्या कालवणात घालतात, ते ठीकच. पण त्याच्या अर्काची १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर १२ आठवडे परीक्षा झाली. काहींना अर्क, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट, अशा गोळ्यांनी काहींचे यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. थोड्यांचेच बिघडते, पण कोणाचे, हे आधी कळत नाही.

दुसरी वनस्पती माकडशिंगी. हिची गोष्ट अगदीच थाप नव्हे हो! बेंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेच्या २००७ च्या अभ्यासात ६० दिवसांत भूक कमी झाली, कंबरही थोडी आवळली. वजनात मात्र ठाम फरक दिसला नाही.

मला खरे भय वाटते ते न छापलेल्या औषधाचे. सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध हृदयाला घातक म्हणून भारतात २०११ साली बंद झाले. ते चोरून मिसळलेल्या 'वनस्पतीच्या' गोळ्या अमेरिकेच्या औषधखात्याला पुढेही सापडत राहिल्या.

"पण निसर्गातले कसे बाधेल?" पुतणीचा प्रश्न. मी पिंपरीकडे बोट दाखवले. तिथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन केले, ते बुरशीपासून. बुरशीही निसर्गाचीच! तरी ते शुद्ध करून, तपासून, मोजून द्यावे लागते. इतके करूनही एखाद्याच्या जिवावर बेतते. मग पानालाच तेवढी सूट का?

ती गप्प बसली, पटली असे नव्हे. "मग रात्री दोनला लागते त्या भुकेचे काय करू?" तिचे बरोबर होते. जागरणाने भूक चाळवते हे डॉक्टरही सांगतात, आणि जागरण काही हौसेचे नाही.

आता ती रात्रपाळीला वडापावाऐवजी मटकीची उसळ आणि भाकरी नेते. घरी आली की दार लावून निजते. त्या वेळी आमचा रेडिओ बंद. पाहुण्यांना मी दिवाळीनंतरची तारीख कळवली आहे.