दगड बघितलास का?

बरेच दिवसांत इकडे फिरकलो नव्हतो. कारण विचाराल तर बेसमेंट!

झालं असं, की आमच्या घराला बेसमेंट आहे. इथे ओहायोत बहुतेक घरांना असतं. आमच्या बेसमेंटमधे सात वर्षं फक्त रिकामे खोके, एक न वापरलेली ट्रेडमिल आणि वर्षातून एकदा वर येणारं गणपतीचं मखर एवढंच होतं. गेल्या उन्हाळ्यात लेकाला गाडीचं लायसन्स मिळालं आणि पोरगं घरात दिसेनासं झालं. चौकशीअंती कळलं की एका मित्राच्या बेसमेंटमधे पूल टेबल आहे आणि सगळी टोळी तिथे पडीक असते. बायको म्हणाली, "मग आपणच घेऊ या की एक. निदान पोरगं कुठे आहे ते तरी कळेल." (बायकोने आपणहून मोठ्या खर्चाला हो म्हणण्याची आमच्या संसारातली ही दुसरी वेळ. पहिली कुठली ते विचारू नका.)

पुढच्याच शनिवारी एका मोठ्या दुकानात गेलो. महोगनीसारखं चकचकीत आठ फुटी टेबल, सोबत काठ्या, बॉल, खडू सगळं फुकट, वर सेल. विक्रेता फार गोड बोलत होता. मी जवळजवळ कार्ड काढलंच होतं, पण "उद्या येतो" म्हणून निघालो. रविवारी सकाळी पुण्याला फोन केला तेव्हा बोलता बोलता बाबांना सांगितलं. सांगायचं की नाही, हे मी आठवडाभर घोळवत होतो. ते का, ते पुढे येईलच.

बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "दगड बघितलास का?"

"कसला दगड?"

"अरे, कापडाखाली काय आहे ते बघितलंस का? लाकूड असेल तर घेऊ नकोस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे बाबा बिलियर्ड मार्कर होते. पुण्यातल्या एका जुन्या क्लबात चौदाव्या वर्षी पोऱ्या म्हणून लागले आणि साठाव्या वर्षी हेड मार्कर म्हणून निवृत्त झाले. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, एवढंच लोकांना वाटतं. पण टेबलाला ब्रश मारायचा, पावसाळ्यात कापड दमट झालं की त्यावर गरम इस्त्री फिरवायची, काठ्यांची टोकं बदलायची, नवशिक्या मेंबरांना शिकवायचं, ही सगळी कामं त्याचीच. एखादा मेंबर एकटा आला तर त्याच्याशी खेळायचं, तेही जरा बेताने. बाबा बारा वर्षांचे असताना, १९५८ साली, मूळचे पुण्याचे विल्सन जोन्स कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. आमच्या घरात इतरांकडे क्रिकेटपटूंची नावं घ्यायचे तसं हे नाव घेतलं जायचं.

मी मात्र शाळेत "वडील क्लबात मॅनेजर आहेत" असं सांगायचो. सातवीत असताना एकदा आईने डबा देऊन क्लबावर पाठवलं. मागच्या दाराने आत गेलो तर बाबा काठीला खडू लावून ती दोन्ही हातांनी एका मेंबरापुढे धरत होते. मेंबराशेजारी माझ्या वर्गातला मुलगा उभा. बाबांनी मला पाहिलं, हसले आणि हाक मारली. मी डबा तिथेच खुर्चीवर ठेवला आणि ओळख नसल्यासारखा निघून आलो.

बाबा त्यावर कधी एक अक्षरही बोलले नाहीत. मीही नाही.

असो. तर दगड. सोमवारी पुन्हा दुकानात गेलो आणि चक्क जमिनीवर आडवा होऊन मोबाईलच्या उजेडात टेबलाखाली पाहिलं. भुसा दाबून केलेल्या लाकडाचा पाटा! दोन-चार वर्षांत बेसमेंटच्या ओलीने तो फुगला की बॉल सरळ जायचं नाव घेणार नाही. चांगल्या टेबलाचा पाटा स्लेटचा असतो. शाळेतली पाटी व्हायची तोच दगड, फक्त घासून अगदी सपाट केलेला. घरगुती टेबलाला एक इंच जाडीची, तीन तुकड्यांतली स्लेट असली की चिंता नाही. तुकडे केल्याने जिन्यावरून नेता येते आणि प्रत्येक तुकडा वेगळा लेव्हल करता येतो. मधल्या फटी मेणाने भरतात.

दुसरा धडा मापाचा. बाबा म्हणाले, "टेबल नको मोजूस, काठी मोज." आठ फुटी टेबलाची खेळायची जागा ४४ बाय ८८ इंच. काठी ५८ इंचांची, आणि ती चारी बाजूंनी मागे ओढता आली पाहिजे. म्हणजे खोली निदान १३ फूट ४ इंच बाय १७ फूट हवी. आमच्याकडे भिंतीपासून मधल्या लोखंडी खांबापर्यंत भरतं तेरा फूट. सात फुटी टेबलाचं माप ३९ बाय ७८, त्याला रुंदीत १२ फूट ११ इंच लागतात. बसतंय! लेकाने तोंड वाकडं केलं, पण आजोबांनी व्हिडिओवर निकाल दिला, "भिंत मधे आली की माणूस आखूड काठी घेतो, आणि आखूड काठी घेतली की महिन्याभरात खेळ सुटतो." विषय संपला.

मग सुरू झाली जुन्या टेबलाची शोधाशोध. नवं स्लेटचं टेबल परवडेना, आणि बाबांचं म्हणणं असं की दगड म्हातारा होत नाही, कापड आणि रबर होतं. ती दोन्ही बदलता येतात. पाच टेबलं पाहिली. दर वेळी खिशात एक बॉल, कानाला फोन. अगदी हळू बॉल सोडायचा आणि शेवटी तो कुठे वळतो ते पाहायचं. मग जोरात मारायचा. कडेची रबरं जिवंत असतील तर बॉल निदान तीन-चार वेळा टेबलाची लांबी कापतो. रबर मेलेलं असेल तर ठप्प असा आवाज येतो. हा आवाज बाबा फोनवरून ओळखायचे! चौथ्या टेबलाला मी "बरं वाटतंय" म्हणालो तर पलीकडून उत्तर, "डावी कड गेली आहे. पुढचं बघ."

पाचवं टेबल एका निवृत्त जोडप्याचं. मुलं पांगली, घर विकून लहान घरात चालले होते. ओक लाकडाच्या कडा, एक इंची स्लेट, रबरं ठीक, कापडाची मात्र चाळण. चारशे डॉलरला मिळालं. उघडून आणून, नवं कापड घालून बसवायला साडेसातशे लागले. हे काम मित्र आणि पिझ्झा यांच्या जोरावर करू नका, मंडळी. स्लेटचा एकेक तुकडा साठ किलोच्या आसपास असतो आणि एकदा कोपरा उडाला की उडालाच. टेबल देताना त्या आजींनी कडेवर उगाचच एकदा हात फिरवला. मी दुसरीकडे पाहिलं.

सप्टेंबरात आई-बाबा आले. बाबा आता एकोणऐंशीचे. उजवा हात थोडा थरथरतो. पोचल्या पोचल्या चहासुद्धा न घेता बेसमेंटचा जिना उतरले. कापडावरून तळवा फिरवला आणि थबकले. "याला लव नाही?" बिलियर्ड्सच्या कापडाला लव असते, ब्रश एकाच दिशेने मारावा लागतो. पूलचं हे कापड गुळगुळीत, इस्त्रीचीही गरज नाही. मी समजावून सांगितलं. "मग मार्करला कामच काय?" असं म्हणून हसले, पण चेहरा जरा उतरला. मग वाकून कडेच्या रेषेत डोळा लावला, बॉल सोडला, तो सरळ जाऊन थांबला. "लावणारा चांगला होता," म्हणाले. एवढंच सर्टिफिकेट.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सगळे खाली जमलो. लेकाने बॉल रचले. बाबांनी सवयीने भिंतीवरची काठी घेतली, टोक तपासलं, खडू लावला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मला ती घेता येईना. सातवीतली ती खुर्ची आणि तो डबा समोर दिसायला लागला. काय बोलावं सुचेना. शेवटी मी दुसरी काठी काढली, तिला खडू लावला आणि त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "बाबा, आधी तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं का? माहीत नाही. हातातली काठी नातवाला दिली, माझ्या हातातली घेतली, टोक दिव्यापाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "खडू असा भोक पाडल्यासारखा घासायचा नसतो रे. ब्रशसारखा हलका फिरवायचा. इतकी वर्षं डबा घेऊन यायचास, एवढंही बघितलं नाहीस?"

मग ते खेळले. पहिले दोन फटके हुकले, हात थरथरत होता. तिसऱ्यापासून लागायला लागले. कुणाशीही बेताने न खेळता त्यांनी आम्हा दोघांना धुऊन काढलं. लेक रात्री म्हणाला, "आजोबा प्रो होते हे तू मला कधी सांगितलंच नाहीस!"

नव्हतं सांगितलं, खरं आहे. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी सांगितलं. मॅनेजर वगैरे काही नाही, मार्कर. ती खुर्ची आणि डबा, तेही सांगितलं. आई शेजारी पोहे परतत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही, पण कालथा थांबला होता.

आता टोळी आमच्याकडे पडीक असते. दूध आणि ब्रेड दर दोन दिवसांनी संपतात. बाबा फेब्रुवारीत परत जातील. तोवर रोज संध्याकाळी ते पोरांना उभं कसं राहायचं ते शिकवतात आणि गुण मोजायला कुणाला हात लावू देत नाहीत.