आड आटला नव्हता, नासला होता

आज पिकाचं काही नाही, घरच्या पाण्याचं लिहितो. शेतातल्या विहिरीला किती परस पाणी आहे हे आपल्याला तोंडपाठ असतं. ज्या पाण्यावर घर चालतं, त्याची मोजदाद मात्र कुणी करत नाही.

आमचं गाव माण तालुक्यात, पर्जन्यछायेत. आजोबांनी खणलेला घरचा आड ६ फूट रुंद, ४२ फूट खोल. वर माती-मुरूम, त्याखाली मांजऱ्या, २८ फुटांवर पश्चिमेच्या अंगानं झरा आणि तिथून तळापर्यंत काळा पाषाण. गेली तीन वर्षं फेब्रुवारी सरला की मोटर दहा मिनिटांत हवा ओढायची. सगळ्यांचा निकाल एकच, आड मेला, बोअर मारा. अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पाणाड्याही आणला. त्यानं नारळ हातावर धरून गोठ्यामागची जागा दाखवली. मी म्हटलं, अण्णा, आठ दिवस द्या.

त्या आठ दिवसांत दोन कामं केली.

पहिलं, दोरी. रात्री ९ ला आड उपसून कोरडा केला आणि सकाळी ६ ला मोजला. ५ इंच पाणी आलं होतं. ६ फुटी आडात एक फूट पाणी म्हणजे साधारण ८०० लिटर. म्हणजे ९ तासांत ३३० लिटर आणि दिवसाला ८५०-९०० लिटर. आता गरज बघा. घरात माणसं ७, माणशी ५५ लिटर धरलं तर ३८५. तीन जनावरांना मिळून २०० च्या वर. गोळाबेरीज ६०० लिटर. हा हिशेब मार्चअखेरचा, बरं का. मोटरला एका दमात पाणी पुरत नव्हतं, पण दिवसभराचं घरापुरतं होतं.

दुसरं काम म्हणजे पाणी तपासणी. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली आणि नमुना त्याच दिवशी पोचवला. नायट्रेट आलं लिटरला ८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. शिवाय कोलिफॉर्म जंतू होतेच.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आडापासून गोठा १८ फुटांवर, संडासाचा शोषखड्डा ३५ फुटांवर, आणि दोन्ही पश्चिमेला, चढाच्या अंगाला. झराही तिथूनच येतो. आजोबांनी आड खणला तेव्हा यातलं काही नव्हतं. घर वाढलं तसं एकेक आलं.

त्याच महिन्यात धाकट्या भावाची बायको तीन महिन्यांचं लेकरू घेऊन माहेराहून येणार होती. बाळ वरच्या दुधावर. आई म्हणाली, "पाणी उकळून देऊ की. तुम्हाला तसंच वाढवलं." जंतूंसाठी उकळणं बरोबरच आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागं राहतं, म्हणजे उलट दाट होतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्यानं कमी होते, अंग निळं पडतं. आईला एवढं सांगितलं आणि त्या दिवसापासून बाळासाठी पाण्याचा जार सुरू झाला. जार हा काही कायमचा इलाज नव्हे.

मग गोठ्यामागं बोअर मारायला काय हरकत होती? हरकत खोलीची नाही, जागेची. आपल्याकडं केसिंग मुरूम संपेपर्यंतच उतरवतात. केसिंगच्या बाहेरची फट मोकळी राहिली की गोठ्याचं मुतवणी आणि खड्ड्याचं पाणी त्या फटीतून सरळ खाली. बोअर ३०० फूट मारा, वरची घाण त्यात उतरणारच. वर आणखी, आडाचा झराही तोडला जाण्याची भीती. पाणाड्याला पाणी दिसत असेल, नायट्रेट दिसत नाही.

योग्य जागा होती चढावर, २५० फूट लांब, बांधालगत. पण तो बांध अण्णांच्या वाट्यात. अण्णा पहिल्यांदा गप्पच बसले. त्यांची भीती खोटी नव्हती. सामाईक विहिरीवरून भावकीत कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. म्हणाले, "पाणी दोन्ही घरांचं, तर खर्चही दोन्ही घरांचा. आणि शेताला एक थेंब द्यायचा नाही." तसं कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. सार्वजनिक पाण्याच्या स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायची तर परवानगी लागते. गावची विहीर त्याहून लांब असल्याची खात्री केली आणि मगच गाडी बोलावली.

पाणी ६२ फुटांवर लागलं, पुन्हा ९५ वर. गाडीवाला म्हणाला, "आता थांबू नका, ३०० करू." त्याचं मीटर फुटावर चालतं, आपलं गरजेवर. १२० ला थांबवलं. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची ती खोल विहीर धरली आहे. तिथवर जायची घरच्या पाण्याला गरजच पडली नाही. केसिंग कठीण पाषाणात बसवलं आणि बाहेरची फट सिमेंटच्या कालव्यानं भरून घेतली. वर दोन फूट उंच कट्टा बांधला.

२०० लिटरचा बॅरल सुरुवातीला ९ मिनिटांत भरला. सलग चार तास चालवल्यावर १२ मिनिटं लागली आणि तिथं स्थिरावला. म्हणजे तासाला १,००० लिटर. पण लक्षात ठेवा, साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात जेमतेम साडेसहा लिटर पाणी मावतं. आड हा हौद असतो, बोअर ही नुसती नळी. म्हणून २,००० लिटरची टाकी बसवली. मोटर सकाळी दीड तास चालते, त्यात दोन्ही घरांचं भागतं. टीसीएल टाकून बोअर धुतला, पंधरवड्यानं तपासणी केली. नायट्रेट २१, जंतू नाहीत. त्या दिवशी जार बंद केला.

आड बुजवला नाही. वर लोखंडी जाळी टाकली, उकिरडा उताराच्या बाजूला हलवला. त्या पाण्यावर आता नारळ आणि नेपिअर आहे. ८० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे हजार लिटरमागं १८ ग्रॅम नत्र. बाळाला नको ते गवताला चालतं.

तेव्हा मंडळी, घरची विहीर दगा देते म्हणून बोअरवाल्याला फोन लावण्याआधी एक रात्र दोरी टाका आणि एक बाटली तपासायला द्या. पाणी कमी पडलंय की खराब झालंय, याचं उत्तर आधी घ्या. कमी असेल तर उपसा आणि साठवण बघा. खराब असेल तर खोली वाढवून उपयोग नाही, जागा बदला. पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरताना तपासा. पहिल्या मोठ्या पावसात जमिनीवरचं सगळं खाली उतरतं. तुमच्या घरच्या पाण्याचा आकडा किती आला, तेही जरूर कळवा.