आयशरमधून भोगवर्धनाच्या वाटेने

श्रावण लागला की टेंभुर्णीत वर्गणीची वही घरोघर फिरते. खुरपणी उरकलेली असते, सोयाबीन फुलावर आणि मका तुऱ्यावर येतो आणि दोन दिवस शेत सोडता येईल अशी फट सापडते. गावातल्या एकाची आयशर आहे. एरवी ती मका आणि सरकी वाहते, श्रावणात मात्र तिच्यात बाकडी बसवतात, वर ताडपत्री ताणतात, खाली सतरंज्या पसरतात. डिझेल, शिधा आणि देवाचं दान एवढं सगळं त्या वर्गणीतून भागतं. टेंभुर्णी माझं सासर. यंदा यात्रा आन्व्याच्या महादेवाला आणि पुढे अजिंठ्याला जाणार हे कळल्यावर ह्यांनी आमच्या दोघांचीही नावं वहीत लिहिली.

पहाटे मारुतीच्या पारापासून गाडी सुटली. बायका पुढे, पुरुष मागच्या फाळक्याकडे, भाकरी-ठेच्याच्या दुरड्या आणि पाण्याचे जार मधे. बाकड्यावर बसून दिसणारा मुलूख मोटारीच्या काचेतून दिसत नाही. इथे नजर उंचावर असते, वारा तोंडावर येतो आणि प्रत्येक वळण अंगाला कळतं. गावाबाहेर पडताच दोन्ही बाजूंना शेडनेटच्या जाळ्या सुरू झाल्या. जाफराबाद आणि शेजारचा देऊळगाव राजा या तालुक्यांत मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बियाणं तयार होतं. मिरची-टोमॅटोच्या मादी ओळीतल्या न उमललेल्या कळीतून परागकोष अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी तिला नराचे पराग लावायचे आणि खुणेसाठी दोरा बांधायचा. याला इथे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. आमच्या गाडीतल्या बहुतेक जोडप्यांचे हात या कामात मुरलेले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि या कोरडवाहू जिल्ह्याचं नाव बियाण्यांच्या नकाशावर गेलं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

टेंभुर्णी शिवेवरचं गाव. पलीकडे बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि अलीकडचा मुलूख मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, राहिला. एकमेकांत सोयरिकी करणारी माणसं जवळजवळ शंभर वर्षं दोन राज्यांत वाटली गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीचे तालुके काढून जालना जिल्हा झाला. गाडीतल्या म्हाताऱ्या आक्का मात्र अजूनही पलीकडच्या लेकीकडे जायचं असलं की “वऱ्हाडात जाऊ राहिले” असंच सांगतात.

जाफराबादेला पूर्णा आणि केळणेचा संगम आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली पूर्णा इथून पुढे परभणीकडे जाऊन गोदावरीला मिळते. पाणी गढूळ आणि भरून चाललं होतं. केळणेच्या खोऱ्याने आम्ही भोकरदनकडे निघालो आणि मधे असईच्या बाजूला वळलो.

असई हे लहानसं खेडं. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची गाठ पडली. मराठ्यांकडे पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखालचं कवायती पायदळ होतं आणि शंभराच्या आसपास तोफा. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढ्या जवळची गावं एकमेकांकडे जाण्यायेण्याची वाट ठेवल्याशिवाय राहणार नाहीत, हे त्याने ओळखलं आणि तिथूनच फौज पलीकडे नेली. संध्याकाळपर्यंत मराठ्यांच्या बहुतेक तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या, पण इंग्रजांचे चारशेहून अधिक लोक ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. तरीही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर तो असईचं नाव घेई.

हे मी गाडीत वाचून दाखवत होते. आक्कांनी विचारलं, “म्हंजे त्या दोन गावच्या लोकायच्या पायवाटेनं तो जिंकला?” मला तो प्रश्न पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा खरा वाटला. बाजाराला, दळणाला, लेकीच्या घरी जाण्यासाठी गावकऱ्यांनी पाडून ठेवलेला उतार एका साम्राज्याच्या कामी आला. त्या दोन गावांतल्या कुणाचंही नाव इतिहासात नाही.

भोकरदनला दुपार झाली. बाजारपेठ, बसस्थानक, चहाच्या टपऱ्या असं तालुक्याचं नेहमीचं गाव. पण याच मातीखाली भोगवर्धन नावाचं शहर आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. सातवाहनांच्या काळातले मणी, शंखाच्या वस्तू, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती काम इथे निघालं. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडाही होता.

त्या तुकड्याची बहीण शोभेल अशी मूर्ती त्याआधीच जगाला माहीत झाली होती. १९३८ साली इटलीत पॉम्पेई शहराच्या राखेखालून ती निघाली. उंची जेमतेम चोवीस सेंटिमीटर, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पॉम्पेई गाडलं, म्हणजे त्याआधीच ती तिथल्या एका घरात पोचलेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या तुकड्याशी तिचं इतकं साम्य आहे, की ती याच भागात कोरली गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

भोगवर्धनातून माल बाहेर नेण्याची वाट सोपी नव्हती. ती प्रतिष्ठानपासून, म्हणजे आपल्या पैठणपासून, येई. तिथून निघालेले तांडे भोगवर्धनावरून अजिंठ्याचा डोंगर उतरत आणि पुढे माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा गाठत. बौद्धांच्या सुत्तनिपातात बावरीचे सोळा शिष्य पैठणहून उत्तरेला निघतात ते याच दिशेने. ते एकेकटे गेले नाहीत, जथ्याने गेले. चोर, जनावरं, पूर आणि कोरडा उन्हाळा यांतून माणूस वाचायचा तर सोबत हवीच. बैलांच्या पाठीवर माल लादून चालणाऱ्या त्या तांड्यांत व्यापारी असत, भिक्खू असत, कारागीर असत. मालाच्या गाडीत बाकडी टाकून निघालेले आम्ही त्याच वाटेवर होतो.

भोगवर्धनाची माणसं आपला माल घेऊन दूर गेली, तसं आपलं नावही ठेवून आली. सांची आणि भरहूत इथल्या स्तूपांचे कठडे आणि फरशा शेकडो लहान दानांतून उभ्या राहिल्या. ज्याने दान दिलं त्याचं नाव, गाव त्या दगडावर कोरलं जाई. राजापेक्षा तिथे व्यापारी, कारागीर, भिक्खुणी आणि घरच्या बायकाच जास्त भेटतात. त्या लेखांत भोगवर्धनाच्या माणसांचे उल्लेख आहेत. हे सांगितल्यावर गाडीत एकदम गलबला झाला. “वर्गणीच की हो ती!” ह्यांनी वही उंच धरून म्हटलं आणि सगळ्यांना पटलं.

भोकरदनहून आम्ही आन्व्याला पोचलो. तिथलं महादेवाचं मंदिर उंच जोत्यावर आहे. बाराव्या शतकाच्या सुमाराचं, यादवांच्या काळचं बांधकाम. खांबांनी भरलेला मोकळा मंडप, बारीक कोरलेलं छत. बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या देखण्या मूर्ती आहेत आणि आत गाभाऱ्यात शिवलिंग. श्रावणात इथे बेलाचे ढीग लागतात. बायकांनी पिंडीवर पाणी घातलं, मग प्रदक्षिणा घालताना एकेका मूर्तीपुढे थांबून बांगड्या, वाक्या, गळ्यातल्या सरी न्याहाळल्या. “हा गोफ माझ्या आजीकडं होता,” एक जाऊबाई म्हणाल्या. त्या नजरेत भक्ती होती आणि कारागिराची पारखही. कळीतले परागकोष हाताने काढणाऱ्या बाईला दगडातलं बारीक काम कळणारच.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही गोळेगावमार्गे अजिंठ्याचा घाट उतरलो. गाडी फर्दापूरला ठेवून तिथल्या बसने लेण्यांपाशी गेलो. वाघुर नदीच्या नालाकृती कड्यात ही लेणी आहेत. इंग्रज अधिकारी जॉन स्मिथला ती १८१९ साली दिसली. आम्ही आधी दहाव्या लेण्यात गेलो, कारण ते इथल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीचं. त्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. वासिठीपुत कटहादि नावाच्या माणसाने ही दर्शनी बाजू दान दिली, एवढंच ती सांगतात. सोळाव्या लेण्याचं दान वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं, पाचव्या शतकातलं. एकीकडे मंत्र्याचा लांबलचक संस्कृत लेख, दुसरीकडे एका दात्याची एक ओळ. दोघांनीही डोंगर कोरणाऱ्या हातांना पोसलं.

आपल्या भागाला दुष्काळी, मागास म्हणायची सवय आपल्यालाच लागली आहे. पाऊस कमी आहे, रोजगार कमी आहे, हे खरंच. पण हातात कौशल्य असलेली, सोबतीने लांब जाणारी आणि पदरचं काही सार्वजनिक कामाला देणारी माणसं इथे दोन हजार वर्षांपासून आहेत. असईची लढाई निदान आठवली जाते. भोगवर्धनाची आठवण मात्र आमच्या शाळांच्या सहलींतही नाही. त्या दौलताबादला जातात, वेरूळला जातात आणि वाटेतल्या भोकरदनला न थांबता पुढे सरकतात. पुढच्या सहलीत भोकरदन असावं असं मी गावच्या शिक्षकांशी बोलले आहे आणि त्यांनी ते मनावर घेतलं आहे. मुलांनी तिथे उभं राहून पॉम्पेईचं नाव ऐकावं आणि त्या मूर्तीइतकंच बारीक काम आपली आई शेडनेटमध्ये रोज करते, हे त्यांना समजावं.